कपाच्या उत्तरेला

बेंडुंगान, त्रेंगालेक
११ एप्रिल १९९४

प्रिय कुस,

सलाम. ईद होऊन महिना होत आला तरी तुझी क्षमा मागायची राहिली होती, ती आज मागते. वर्षभरात माझं जे चुकलंमाकलं असेल ते पोटात घाल. इकडे सगळं ठीक आहे. पाऊस ओसरला आहे, लवंगेचा मोहोर बरा आहे, शाळेचं छप्पर अजून तसंच गळतंय. यंदाही आठवीचे दोन वर्ग मलाच दिले आहेत. नवी शिक्षिका पाठवतो म्हणतात, कधी ते सांगत नाहीत.

पत्राचं खरं कारण वेनिंग आहे. तू तिला पाहिलंस तेव्हा ती सहा वर्षांची होती, आता बाविशीची झाली. सिंगापूरला घरकामाला जाण्यासाठी तिने सुराबायाच्या एका प्रशिक्षण वसतिगृहात नाव घातलं. तिथे इंग्रजी तू शिकवतेस हे तिच्या पहिल्या पत्रातून कळलं तेव्हा मी बराच वेळ ते पत्र हातात धरून बसले होते. परीक्षेतले शंभरातले चाळीस गुण तुझ्या हातात असतात असं ती लिहिते.

पोरगी तुझ्या पदरात घालते. तिचं इंग्रजी कच्चं आहे, हे मी आई म्हणून नाही, तिची शिक्षिका म्हणून सांगते. आपल्या भाषेत एका 'दी'वर आयुष्य काढता येतं. घरात दी, टेबलावर दी, दाराशी दी. इंग्रजांना त्याच कामाला इन, ऑन, ॲट असे तीन वेगळे नोकर लागतात, आणि तिच्याकडून कधीच नेमक्या नोकराला हाक जात नाही. तर माझ्याकडे बघून तिला सांभाळून घेऊ नकोस. कडक राहा. नाही जमलं तर नाही जमलं. तिची खोली मी रोज झाडते.

बसच्या चालकाबरोबर सोयाबीनच्या तेंपेचे तळलेले काप पाठवले आहेत. मोडले असतील तर तुकडे गोड मानून घे.

तुझी,
सुप्रापती


सुराबाया
२० एप्रिल १९९४

म्बाक प्रापती,

दोन वर्षांनी मोठी आहेस म्हणून म्बाक म्हणते, नाहीतर तुझं पत्र वाचून मला तुझा कानच धरावासा वाटला. किती गं आढेवेढे! लवंग झाली, छप्पर झालं, मग कुठे लेकीचं नाव. इथे दर आठवड्याला मला अशी दहा पत्रं येतात. आता मला त्यांचा अर्थ तोंडपाठ आहे. 'कडक राहा' म्हणजे सांभाळून घे. 'माझ्याकडे बघू नकोस' म्हणजे जरा बघच. आणि सोबत तेंपेचे काप आले म्हणजे चार गुण जास्त दे. आपण जावातली माणसं सरळ बोललो तर जिभेला फोड येतील. काप मोडले नव्हते. मी एकटीनेच संपवले.

वेनिंगला पाहिलं. तुझंच नाक, पण तिला ते शोभतं. केस कापले आहेत तिचे, सगळ्यांचेच कापतात, आल्या दिवशी. तिने तुला लिहिलं नसेल म्हणून मी लिहिते. रडली नाही. शेजारची मुलगी रडत होती, तिला धरून उभी होती.

माझं म्हणशील तर मी थकले. शाळा सोडून इथे आले तेव्हा वाटलं, इथे निदान शिकायला आलेल्या बाया असतील. आहेत, पण एका दालनात सत्तर. खिडकी नाही, दोन पंखे, त्यातला एक नुसता आवाज करतो. सकाळी सातपासून सगळ्या एका सुरात म्हणतात: कप टेबलावर, चहा कपात, बाई दाराशी. तीन महिन्यांनी या सत्तर जातात, दुसऱ्या सत्तर येतात, आणि कप अजून टेबलावरच. तेवीस वर्षं तो कप मी तिथेच ठेवते आहे, म्बाक.

लेकीची काळजी करू नकोस. मी आहे.

कुसमियाती


बेंडुंगान
९ मे १९९४

प्रिय कुस,

केसांचं कळवलंस ते बरं केलंस. तिने खरंच लिहिलं नव्हतं. दोन दिवस मी आठवीच्या मुलींच्या वेण्यांकडे बघत होते आणि पाठ काय चाललाय ते विसरत होते.

तू माझ्या पत्राचा जो अर्थ लावलास तो इतर आयांच्या बाबतीत खरा असेल. माझ्या बाबतीत तसा लावू नकोस. ती नापास झाली तर मला वाईट वाटणार नाही. हे तिला कळू देऊ नकोस, पण तू ध्यानात ठेव. सहकारी भांडारातली तिची जागा अजून कोणाला दिलेली नाही. मी सहज चौकशी केली होती. तिथे ती बरी रमली होती, वजनात कधी कोणाला फसवलं नाही म्हणून बायका तिच्याच काट्यापाशी थांबायच्या.

तुला १९७१ आठवतं? मलांगला आपल्या वर्गातून ऑस्ट्रेलियाच्या शिष्यवृत्तीला माझं नाव निघालं होतं. आई म्हणाली, नाही. एवढंच. मी गेले नाही, आणि मग ती मरेपर्यंत मी तिच्याशी कधी मोकळेपणाने बोलले नाही. चहा दिला, पाय चेपले, शेवटचं आजारपण काढलं, पण तो शब्द काही माझ्या गळ्याखाली उतरला नाही. त्यामुळे मी ठरवलं होतं की माझ्या मुलीला मी कधी नाही म्हणणार नाही. मार्चमध्ये वेनिंगने विचारलं, 'इबू, जाऊ का?' मी म्हटलं, 'तुझी मर्जी.' तांदूळ निवडत होते, वर बघितलंसुद्धा नाही.

बाकी तू जाणती आहेस. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

सुप्रापती


सुराबाया
२ जून १९९४

म्बाक प्रापती,

तुझं पत्र वाचून मला भर वर्गात डोळे पुसावे लागले. पोरींना वाटलं पंख्याची धूळ गेली. आता समजलं सगळं. तुझ्या आईने तुझी वाट अडवली, म्हणून लेकीला तरी पलीकडे पोचलेलं तुला बघायचंय, आणि ते मागायची लाज वाटते म्हणून नापास झाली तरी चालेल वगैरे लिहितेस. वेडे, मला मागायला लाज कसली? मी कानाला खडा लावला होता की कोणालाही जादा शिकवणी द्यायची नाही. तो खडा तुझ्यासाठी काढला.

वेनिंगची अडचण काय आहे ते मला सापडलं. इन-ऑन राहू दे बाजूला, ते पाठ होतं. तिची खरी अडचण तू केलेली आहेस. तुम्हा डोंगरातल्या लोकांच्या घरात डावं-उजवं नावाचं काही असतं की नाही? मी तिला म्हटलं, बशी कपामागे ठेव आणि इंग्रजीत सांग कुठे ठेवलीस. ती आधी डोळे मिटते, उत्तर दिशा शोधते, आणि म्हणते, कपाच्या उत्तरेला. सगळ्या हसतात. परवा मादुराची एक जण म्हणाली, 'अगं, मालकीणबाई औषध मागतील तेव्हा काय होकायंत्र घेऊन धावणार का?' आम्ही सगळेच लहानपणी तसं बोलायचो, मला माहीत आहे. पण शहरात आमचं ते झिजून गेलं. हिचं शाबूत आहे. त्यात बस इथे आली ती वळणं घेत घेत, अंधारातून, त्यामुळे तिची उत्तर चुकली. म्हणजे चुकीच्या उत्तरेवरून ती बशी शोधते! बिचारी रोज दुपारी डोकं धरून बसते.

मी उपाय केला. तिचे डोळे बांधायचे, दालनात पंधरा वेळा गरगर फिरवायचं, आणि लगेच कपापुढे उभं करायचं. रोज तासभर, जेवणाआधी. पहिले तीन दिवस ओकली. चौथ्या दिवशी भिंतीला टेकून मला म्हणाली, 'बू कुस, मला घर कुठल्या बाजूला आहे तेच कळेनासं झालंय.' मी म्हटलं, उत्तम. त्या दिवसापासून कपामागे, थाळीखाली, दाराशी, खोलीत, एक चूक नाही. दिशा गेली आणि इंग्रजी आलं.

तेवीस वर्षांत प्रथमच मी शिकवलेलं कोणीतरी शिकतंय. पाय दुखतात, पण घरी जाताना बरं वाटतं.

कुस


सुराबाया
११ जुलै १९९४

म्बाक प्रापती,

जूनभर तुझं उत्तर नाही. शाळेच्या परीक्षा असतील म्हणून मी मनावर घेतलं नाही.

आता बातमी ऐक. चाळीसपैकी छत्तीस! सगळ्या तुकडीत पहिली. सिंगापूरच्या एका ऐंशी वर्षांच्या बाईंनी फोनवर मुलाखत घेतली. त्यांनी विचारलं, माझा चष्मा कुठे ठेवशील? वेनिंग म्हणाली, तुमच्या पलंगापाशी, टेबलावर, डबीत. तिन्ही नोकर जागच्या जागी! मी बाहेर उभी राहून ऐकत होते.

गुणांची यादी ऑगस्टच्या पहिल्या तारखेला, सोमवारी, कचेरीत जाईल. मग कागदपत्रं, आणि तीन आठवड्यांत विमान. शेजाऱ्यांना बोलाव, पिवळा भात कर. मी नाही येऊ शकत, पण माझ्या वाटणीचा कोंबडीचा पाय कोणाला देऊ नकोस.

कुस


बेंडुंगान
१६ जुलै १९९४

कुस,

पिवळा भात केला नाही.

मी तुला तिला नापास करायला सांगत होते. एप्रिलपासून सांगत होते. कडक राहा म्हणाले ते कडक राहण्यासाठीच. वाईट वाटणार नाही म्हणाले ते खरंच वाटलं नसतं म्हणून. ऑस्ट्रेलियाचं लिहिलं ते, मला स्वतःला नाही म्हणता येत नाही हे तुला कळावं म्हणून. मला वाटलं होतं, परीक्षा तिला नाही म्हणेल, मला म्हणावं लागणार नाही. ती परत येईल, चार दिवस रुसेल, मग भांडारात जाईल, आणि तिचा राग इंग्रजीवर राहील, माझ्यावर नाही. इतकी वर्षं ज्या विषयाने मला दमवलं त्याच्याकडून एवढी एक मदत मी मागितली होती.

तुझं जूनचं पत्र आलं त्या दिवशीच मला कळलं होतं की तू उलटं समजलीस. तेव्हाच लिहायला हवं होतं. तीनदा लिहायला बसले. प्रत्येक वेळी कागदावर लवंगच आली.

माझ्या पोरीला गरगर फिरवून घराची दिशा विसरायला लावलीस आणि मला ते आनंदाने कळवलंस. रागावून लिहीत नाही. रागवायचंही त्राण नाही. या घरात आता रात्री एकच थाळी मांडली जाते, आणि ती मांडतानाही मी दोन काढते. तिने जाऊ नये, कुस. मला एकटीला जमणार नाही.

यादी अजून गेली नसेल तर बघ.

सुप्रापती


सुराबाया
२१ जुलै १९९४

म्बाक प्रापती,

तुझं पत्र मी जिन्यात उभ्याने वाचलं आणि तिथेच बसले. आधी स्वतःचा राग आला. मग तुझा आला. मग दोन्ही ओसरले आणि नुसता थकवा उरला.

मी अर्थ लावते असा डौल मिरवत होते ना? सत्तर आयांची पत्रं वाचून शहाणी झाले होते. सत्तरातली एक जे लिहिते तेच म्हणत असेल, हे मला सुचलंच नाही. माझं चुकलं. पण म्बाक, तुझंही चुकलं. तू वीस ओळी लिहायचीस आणि त्यात तुझी गोष्ट एका ओळीत, तीही तिरकी. मग मी माझ्या सोयीची ओळ उचलली.

यादी माझ्या टेबलाच्या खणात आहे. छत्तीसचे सोळा करायला मला एक पेन पुरे. काल संध्याकाळी पेन हातात घेतलंही होतं. पण समोर ती पोर कप पुसत होती. ती ओकून ओकून शिकली आहे. तिच्या पाठीमागे मी ते गुण काढणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही.

एक करते. तू तिला लिही. मला नाही, तिला. लवंग नको, छप्पर नको. एका ओळीत. आणि ती जर माझ्यापाशी येऊन म्हणाली की बू कुस, मला नापास करा, तर मी तिच्यासमोर आकडा खोडीन आणि वर कोणी विचारलं तर म्हणेन माझीच बेरीज चुकली होती. पहिल्या तारखेपर्यंत वेळ आहे.

कुस


बेंडुंगान
२५ जुलै १९९४

वेनिंग,

जाऊ नकोस. घरी ये.

मार्चमध्ये मी तुझी मर्जी म्हणाले ते खोटं होतं. मला तू इथे हवी आहेस. तुझ्या भल्यासाठी म्हणून नाही, मला हवी आहेस म्हणून.

बू कुस यांना भेट. त्या काय करायचं ते सांगतील.

इबू


सुराबाया
३० जुलै १९९४

प्रिय इबू,

सलाम. तुझं पत्र काल जेवणाच्या वेळी मिळालं. मी ते घेऊन न्हाणीघरात गेले, कारण इथे दुसरी कडी असलेली खोली नाही. बाहेरून मुली दार ठोठावत होत्या, 'वेनिंग, आत राहायलाच गेलीस का गं?' तरी मी बाहेर आले नाही.

इबू, मार्चमध्ये मला जायचं नव्हतं. भांडारातल्या दोघी जणी जाणार होत्या आणि मी सहज विचारलं होतं. वाटलं होतं, तू नाही म्हणशील. तू तांदूळ निवडत राहिलीस. मला वाटलं, मी जावं असंच तुला वाटतंय. लहानपणापासून तू ऑस्ट्रेलियाचं सांगत आलीस. कपडे वाळत घालताना, इस्त्री करताना, आजीची चादर बदलताना. मी म्हटलं, इबूला जाता आलं नाही, निदान मी तरी कुठेतरी जावं, नाहीतर तिला माझीही लाज वाटेल. पहिला महिनाभर मी रोज तुझ्या पत्राची वाट बघत होते. 'परत ये' एवढंच असतं तर मी मिळेल ती बस धरली असती. तुझी पत्रं आली, त्यात छप्पर होतं.

काल रात्रभर विचार केला. सकाळी बू कुस यांच्याकडे गेले. त्यांनी खण उघडून यादी काढली, पेन ठेवलं, आणि खिडकी नसलेल्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी यादीत माझं नाव बघितलं आणि यादी परत खणात ठेवली.

मी जाणार आहे, इबू. आता मला जायचं आहे. मी ज्यात सगळ्यांत वाईट होते ते मला यायला लागलं. हे मला आवडलं. त्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, मिरची खातेस का? मी म्हटलं, खूप. त्या म्हणाल्या, माझी मुलं मला खाऊ देत नाहीत, तू चोरून देशील का? मी हो म्हणून बसले आहे.

'अजून नक्की नाही' किंवा 'बघू' असं लिहिता आलं असतं. आपल्याकडे तसंच लिहितात. पण तू सरळ लिहिलंस म्हणून मीही सरळ लिहिते. नाही, इबू. मी येणार नाही. रागावलेली नाही. तुझं पत्र कापडी पाकिटात, पासपोर्टबरोबर ठेवलं आहे. दोन वर्षांनी येईन.

तुझी,
वेनिंग


बेंडुंगान
६ ऑगस्ट १९९४

कुस,

तिचं पत्र आलं. शाळेत सतरा ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाची तयारी चालू आहे, मुलं पोत्यात पाय घालून उड्या मारत होती, आणि मी शिक्षकांच्या खोलीत बसून ते पत्र वाचलं. माझ्या आईला मी कधी नाही म्हटलं नव्हतं. ती नाही म्हणाली, मी गप्प बसले, आणि आम्ही दोघी त्या गप्प बसण्यातच म्हाताऱ्या झालो. वेनिंगने मला तोंडावर नाही म्हटलं. फार लागलं. इतकं लागलं की वर्ग सोडून घरी आले आणि दिवसाउजेडी झोपले. उठले तेव्हा अंगात ताप नव्हता, काही नव्हतं, नुसती भूक लागली होती.

तुझ्यावर माझा राग नाही. तूही माझ्यावर ठेवू नकोस. तू तिला शिकवलंस. मी आठ वर्षं शिकवून जे झालं नाही ते तू केलंस, आणि तेही मी नको म्हणत असताना.

विमान कोणत्या दिवशी, किती वाजता, ते कळव. अंदाज नको, नक्की तारीख आणि वेळ. मी रजा टाकते. आदल्या दिवशी तुझ्याकडे मुक्कामाला येईन, चटई असली तरी चालेल. लोक म्हणतात, अशा वेळी आईने हसून निरोप द्यावा, पोरीचा पाय अडखळू नये. मी तसं करणार नाही. फाटकापाशी उभी राहून तिला पुन्हा सांगेन, जाऊ नकोस. ती जाईल. तरी मी सांगेन.

सुप्रापती